अर्ध्या भरपाईचा धंदा

मोर्शी तालुक्यात दसरा उलटला की दोन हंगाम एकदमच दाराशी येतात. आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड भरात असते, आणि कपाशीच्या शेतात सीतादही होऊन पहिल्या वेचणीचा कापूस जिनिंगच्या आवारात येऊन पडू लागतो. हमालाची मजुरी, शेतकऱ्याची उधारफेड आणि दुकानदाराची वसुली ही सर्व थंडीच्या या चार महिन्यांवर अवलंबून असतात. परंतु ज्या छपराखाली हा हंगाम पार पडावयाचा, ते छप्पर पुष्कळदा वैशाख-ज्येष्ठातील वावटळीने किंवा मृगाच्या पहिल्या वादळाने उचकटलेले असते. गोदामाचे पत्रे उडतात, कैच्या वाकतात, भिंत खचते, आतला माल भिजतो. मालकाजवळ विम्याचे कागद असतात. तो दावा दाखल करतो आणि वाट पाहू लागतो. दिवाळी तोंडावर आली की कंपनीचे पत्र येते. नुकसानीच्या निम्मी, कधी त्याहूनही कमी रक्कम देऊ केलेली असते, आणि सोबत ‘पूर्ण व अंतिम फेड’ असे छापलेली पावती सहीसाठी जोडलेली असते. सही केली तर तेवढे पैसे मिळतात. न केली तर हंगाम उघड्या छपराखाली काढावा लागतो.

या निम्म्या रकमेला कारकुनाचा हलगर्जीपणा किंवा एखाद्या सर्वेक्षकाचा दुष्टपणा कारण आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दावा कापणे आणि तो हंगामाच्या उंबरठ्यापर्यंत लांबवणे यांतून विमा कंपनीची शिल्लक वाढते, आणि आजच्या विमाव्यवहाराची घडण या वाढीला अनुकूल आहे. म्हणून हा प्रश्न राजकीय आहे. तो व्यापारी संघाच्या बैठकीत सोडून देऊन चालणार नाही; समाजवादी कार्यकर्त्याने तो हाती घेतला पाहिजे, आणि थंडी पडण्यापूर्वी घेतला पाहिजे.

छपराखाली कोण असते?

पहिली हरकत आपल्याच साथींकडून येते. गोदाम अडत्याचे, जिनिंग मालकाचे. त्यांच्या मालमत्तेचा विमा पुरता उतरला की अपुरा, याची चिंता कष्टकऱ्यांच्या पक्षाने का वाहावी? पीकविम्यासाठी तहसील कचेरीवर मोर्चा नेणे समजू शकते. व्यापाऱ्याच्या टिनासाठी कोण रस्त्यावर येणार? हा युक्तिवाद वरवर पाहता निष्ठेचा वाटतो. वास्तविक तो अर्थशास्त्राच्या अज्ञानातून आलेला आहे.

एखादा बोजा कायद्याने कुणावर पडतो आणि शेवटी तो कोण वाहतो, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. करांच्या बाबतीत हे तत्त्व प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असते. विक्रीकर दुकानदार भरतो आणि तो चुकवतो मात्र गिऱ्हाईक. नुकसानीचेही तसेच आहे. मालकाला आठ लाखांऐवजी अडीच लाख मिळाले, तर उरलेले साडेपाच लाख तो खिशातून काढत नाही. तो अर्ध्या छपरावर ताडपत्री घालतो. दोन पाळ्यांऐवजी एक पाळी चालवतो. हजेरीपटावरची नावे कमी करतो. शेतकऱ्याचा माल उतरवून घेताना भिजल्याचे, मातीचे, ओलाव्याचे कारण दाखवून भाव पाडतो. ज्याला बोजा पुढे ढकलता येतो तो ढकलतो. ज्याच्या पुढे कुणी नाही त्याच्या डोक्यावर तो येऊन थांबतो. जिनिंगमध्ये कापूस पसरवणाऱ्या बाया, संत्रा मंडीत फळ निवडून क्रेट भरणारे मजूर आणि पोत्यामागे मजुरी घेणारा हमाल यांच्या पुढे कुणीही नाही. पोते नाही तर मजुरी नाही, हा त्यांचा नियम आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला कायद्याच्या पुस्तकात स्थान दिले; पण गोदामच बंद राहिले तर त्या कायद्यालाही धरायला काही उरत नाही.

शिवाय प्रश्न केवळ मजुरीचा नाही, जिवाचाही आहे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे वादळात मंदिराच्या आवारातील टिनाच्या शेडवर कडुनिंबाचे झाड कोसळले आणि आश्रयाला थांबलेली सात माणसे मृत्युमुखी पडली. ते विम्याचे प्रकरण नव्हते. परंतु वऱ्हाडातील वारा आणि टिनाचे छप्पर यांची गाठ पडली म्हणजे काय होऊ शकते, हे त्या संध्याकाळी सर्वांनी पाहिले. फेब्रुवारी-मार्चमधील गारपीटही आता अपवाद राहिलेली नाही. २०१४ आणि २०१८ या वर्षांचा अनुभव विदर्भाच्या स्मरणात आहे. वाकलेल्या कैचीवर जुनेच पत्रे पुन्हा ठोकून ज्या शेडमध्ये हंगाम चालवला जातो, त्या शेडखाली मालक उभा नसतो. तेथे मजूर उभे असतात.

आठ लाखांचे अडीच लाख कसे होतात?

निम्मी भरपाई ही जादू नव्हे. तिचे गणित आहे, आणि कार्यकर्त्याने ते समजून घेतले पाहिजे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एक गोदाम आज नव्याने बांधायचे तर ४० लाख रुपये लागतील. ते जुने असल्यामुळे ३० टक्के घसारा धरला, तर त्याचे आजचे मूल्य २८ लाख होते. मालकाने बँकेचे कर्ज काढलेले आहे. विमा बँकेनेच उतरवला, आणि तो कर्जाला तारण पुरेल एवढाच, म्हणजे २० लाखांचा. पॉलिसी बँकेच्या कपाटात आहे. मालकाला फक्त हप्त्याची वजावट ठाऊक आहे. वादळात छप्पर गेले आणि दुरुस्तीचा खर्च ८ लाख आला.

विमा बाजारमूल्याच्या आधारावर असेल, तर सर्वेक्षक प्रथम घसारा वजा करतो. ८ लाखांचे ५ लाख ६० हजार उरतात. मोडक्या टिनाच्या आणि लोखंडाच्या भंगाराचे ४० हजार कापले की ५ लाख २० हजार राहतात. त्यानंतर ‘सरासरीचे कलम’ येते. मालमत्ता २८ लाखांची आणि विमा २० लाखांचा, म्हणजे विमा तोकडा. म्हणून भरपाईही त्याच प्रमाणात, २८ पैकी २० हिश्श्यांनी. रक्कम होते सुमारे ३ लाख ७१ हजार. विमेदाराने स्वतः सोसावयाचा पाच टक्के भाग वजा केला की सुमारे ३ लाख ५३ हजार हाती येतात. हा झाला नियमानुसारचा हिशेब, आणि तोही निम्म्याच्या आतच आहे.

आता खरी मेख पाहा. काही अहवालांत नुकसान मोजताना गोदाम जुने धरले जाते आणि विमा तोकडा ठरवताना तेच गोदाम नवे धरले जाते. नुकसानीवर घसारा लावला, पण मालमत्तेचे मूल्य मात्र घसारा न लावता ४० लाख धरले, की प्रमाण ४० पैकी २० होते. ५ लाख २० हजारांचे २ लाख ६० हजार, आणि पाच टक्के वजा जाता २ लाख ४७ हजार. एकाच कागदावर एकच इमारत एका ओळीत जुनी आणि दुसऱ्या ओळीत नवी! या एका हातचलाखीने मालकाचे एक लाख सहा हजार रुपये जातात. अहवाल इंग्रजीत, आकडे परिशिष्टात, आणि मालक दिवाळीच्या घाईत. कोण तपासणार?

१ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाण पॉलिसी आली, आणि तीत पंधरा टक्क्यांपर्यंतचा तोकडेपणा माफ करण्याची तरतूद झाली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु बँकेने कर्जापुरता उतरवलेला विमा पंधरा टक्क्यांनी तोकडा नसतो. तो पुष्कळ अधिक तोकडा असतो. माफीची रेषा जेथे संपते, तेथूनच आपल्या लहान गावांचा प्रश्न सुरू होतो.

कपातीचा दुसरा मार्ग कारणाचा. पत्रे वाऱ्याने गेले की गंजल्यामुळे? पाणी वादळाने पडलेल्या भगदाडातून आले की जुन्या गळतीतून? वादळ हे विम्यात बसते, झीज बसत नाही. तेव्हा शक्य तेवढे नुकसान झिजेच्या खात्यात लोटावयाचे, हा उद्योग. त्यासाठी हवामान खात्याचा दाखला मागितला जातो, आणि तो दाखला दूरच्या वेधशाळेचा असतो. वळवाचे वादळ तालुकाभर सारखे येत नाही. ते एका शिवाराला झोडपून शेजारचे शिवार कोरडे ठेवते. वेधशाळेत वारा शांत होता, म्हणून मोर्शीच्या गोदामावर वारा आलाच नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणजे डोळ्यांपेक्षा कागदावर अधिक विश्वास ठेवणे होय. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली गेली आहेत. पीकविम्यासाठी मंडळाची नोंद ग्राह्य आणि गोदामाच्या विम्यासाठी ती अग्राह्य, असे कोणतेही तर्कशास्त्र सांगत नाही.

ही युक्ती वऱ्हाडापुरती नाही. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना चक्रीवादळाने मिसिसिपीचा किनारा उद्ध्वस्त केला. तेथे वाऱ्याचे नुकसान खाजगी कंपनीने द्यावयाचे आणि पुराचे नुकसान सरकारी पूरविम्याने, अशी विभागणी होती. स्टेट फार्म या बलाढ्य कंपनीने वाऱ्याचे नुकसान पुराच्या नावावर घालून सरकारी तिजोरीवर ढकलल्याची तक्रार दावे तपासणाऱ्या दोन बहिणींनी केली. नमुन्यादाखल चालवलेल्या एका घराच्या प्रकरणात २०१३ मध्ये ज्यूरीने कंपनीला दोषी धरले आणि २०१६ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे झाले, ते येथे होणारच नाही असे मानण्याचे कारण काय?

सर्वेक्षक कुणाचा?

१९३८ च्या विमा कायद्याच्या ६४ यूएम या कलमानुसार ठराविक रकमेवरील नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्वेक्षकाने करावी लागते. परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा. पण नेमणूक कंपनीची आणि शुल्कही कंपनीचे. पुढचे काम मिळणार की नाही हेही कंपनीच ठरवणार. अशा माणसाकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करणे म्हणजे मालकाच्या मुनिमाला मजुरांचा पंच नेमणे होय. सर्वेक्षकांतही सचोटीची माणसे आहेत, यात शंका नाही. परंतु जी व्यवस्था व्यक्तीच्या सचोटीवर टिकून असते, ती व्यवस्थाच नव्हे.

न्यायालयांनी या बाबतीत जे सांगितले आहे ते खेड्यापाड्यांत पोहोचलेले नाही. सर्वेक्षकाचा अहवाल हा अंतिम शब्द नव्हे, तो कंपनीवरही बंधनकारक नाही आणि विमेदारावरही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अॅशुरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात २००९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी श्री वेंकटेश्वर सिंडिकेटच्या खटल्यात, मनाजोगता अहवाल मिळेपर्यंत एकामागून एक सर्वेक्षक नेमण्याचा अधिकार कंपनीला नाही, असेही ठरले. ‘पूर्ण व अंतिम’ पावतीबद्दलचा निर्णय तर १९९९ चा आहे, आणि तो अजमेर सिंग कॉटन अँड जनरल मिल्स या कापूस गिरणीच्याच प्रकरणात झालेला आहे. फसवणूक, दडपण किंवा दिशाभूल करून सही घेतली असल्याचे दाखवता आले, तर केवळ त्या सहीमुळे विमेदाराचा पुढील हक्क बुडत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सप्टेंबर २०१५ मध्ये नियामकानेही परिपत्रक काढून अशा पावतीचा उपयोग विमेदाराचे तोंड बंद करण्यासाठी करू नये, असे कंपन्यांना बजावले. निर्णय आहे, परिपत्रक आहे. आणि पावतीही जशीच्या तशी आहे. कारण दिवाळीच्या आठवड्यात पैशाची निकड असलेला मनुष्य परिपत्रक वाचीत नाही, सही करतो.

मुदतीचेही असेच. २०२४ च्या नियमावलीनुसार दावा कळवल्यापासून चोवीस तासांत सर्वेक्षक नेमावयाचा, पंधरा दिवसांत अहवाल यावयाचा आणि अहवालानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावयाचा. म्हणजे ज्येष्ठात उडालेल्या छपराचा निकाल आषाढातच लागला पाहिजे. प्रत्यक्षात एकेक कागद एकेका पत्राने मागवला जातो. प्रत्येक पत्राने मुदतीची मोजणी जणू नव्याने सुरू होते. खरेदीची बिले पाठवली की साठ्याची नोंदवही हवी. ती दिली की बँकेचे पत्रक हवे. विलंब हा येथे दावा कापण्याचेच एक हत्यार असतो. हंगाम जितका जवळ, तितका विमेदार मऊ.

राष्ट्रीयीकरण झाले, लोकशाहीकरण राहिले

‘स्पर्धा वाढू द्या, सेवा सुधारेल’ असे सांगणाऱ्यांसाठी थोडा इतिहास आठवणे आवश्यक आहे. जानेवारी १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकिर्दीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, ते खाजगी विमा कंपन्यांतील पैशाच्या अफरातफरीच्या पार्श्वभूमीवर. सर्वसाधारण विमा त्या वेळी वगळला गेला. तो १९७१ मध्ये सरकारने व्यवस्थापनाखाली घेतला, आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांचे विलीनीकरण करून चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. समाजवादी चळवळीने या दोन्ही पावलांचे समर्थन केले आणि ते योग्यच होते. परंतु त्यानंतर एक चूक झाली. मालकी सरकारची झाली म्हणजे काम लोकांचे झाले, असे गृहीत धरले गेले. विमेदाराला अहवालात काय लिहिले आहे हे कळण्याचा हक्क नाही, तालुक्याला कार्यालयात आवाज नाही, पॉलिसीची भाषा इंग्रजी, आणि सर्वेक्षक कंपनीच्याच पानावर, ही सर्व खाजगी काळातील वळणे सरकारी कंपन्यांनी सुखेनैव पुढे चालवली. त्यांच्याविषयी लोकांच्या मनात जो रोष साचला, त्याचाच उपयोग पुढे खाजगीकरणाच्या बाजूने करून घेण्यात आला.

मल्होत्रा समितीने १९९४ मध्ये दार उघडण्याची शिफारस केली. १९९९ च्या कायद्याने ते उघडले. परकीय भांडवलाची मर्यादा प्रथम २६ टक्के होती, २०१५ मध्ये ती ४९ टक्के झाली आणि २०२१ मध्ये ७४ टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. त्याच २०२१ साली सरकारी विमा कंपन्यांत सरकारचे ५१ टक्के भागभांडवल असलेच पाहिजे, ही अटही कायद्यातून काढण्यात आली. दरम्यान १ जानेवारी २००७ पासून आगविम्याचे प्रमाण दर मोकळे झाले. वादळाचे संरक्षण याच आगविम्याच्या पॉलिसीत येते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

स्पर्धेने काय झाले? विमा ही एक विचित्र वस्तू आहे. तिची किंमत आज दिसते आणि तिचा दर्जा नुकसान झाल्यावरच कळतो. बाजारात गेलेला मनुष्य संत्रा हातात घेऊन पारखू शकतो. पॉलिसी कशी पारखणार? अशा वस्तूच्या बाजारात स्पर्धा होते ती जे दिसते त्याची, म्हणजे हप्त्याची. हप्ता उतरला की कंपनीला तो तोटा कुठून तरी भरून काढावा लागतो, आणि तो जे दिसत नाही त्यातून, म्हणजे दाव्यातून, भरून निघतो. स्वस्त हप्ता आणि निम्मी भरपाई ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्याला एका रुपयात पीकविमा मिळू लागला आणि २०२५ मध्ये ती योजना गुंडाळण्यात आली. हप्ता एक रुपया केला म्हणजे संरक्षण मिळाले असे होत नाही, हा धडा त्यातून घ्यावयाचा, की विसरून जावयाचा?

दाद मागावी कुठे?

विमा लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. २०२३ मध्ये त्याची रकमेची मर्यादा ३० लाखांवरून ५० लाखांवर गेली. हे सर्व चांगले आहे. परंतु व्यापारी मालमत्तेच्या बाबतीत त्याचे दार एकल मालकीच्या व्यवसायाला आणि सूक्ष्म उद्योगालाच उघडे आहे. त्याहून मोठी असलेली भागीदारी किंवा सहकारी जिनिंग संस्था बाहेरच राहते. विदर्भासाठीचे कार्यालय पुण्याला, म्हणजे मोर्शीपासून सुमारे सहाशे किलोमीटरांवर आहे. दूरदृश्य सुनावणीची सोय झाली हे खरे. पण वाकलेली कैची पडद्यावर दाखवून पटवणे आणि जागेवर दाखवणे यांत अंतर आहे.

ग्राहक आयोग अमरावतीस आहे, आणि नुकसानीपासून दोन वर्षांच्या आत तेथे जाता येते. तेथे कंपन्यांचा ठरलेला बचाव असे की, धंद्यासाठी विमा उतरवणारा ‘ग्राहक’च नव्हे. हर्सोलिया मोटर्सच्या प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. विमा हा नफा कमावण्यासाठी नसून झालेले नुकसान भरून काढण्यासाठी असतो, असे न्यायालयाने म्हटले. ते नुकसान झाले होते २००२ च्या गुजरात दंगलीत. एकवीस वर्षे! आणि तीही दावा खरा की खोटा हे ठरवण्यासाठी नव्हे, तर तक्रार करणारा ग्राहक आहे की नाही एवढेच ठरवण्यासाठी. उशिरा मिळालेला न्याय हा शब्दप्रयोगही येथे तोकडा पडतो.

थंडीपूर्वीचे काम

तेव्हा पक्षाने काय करावे? ठराव करून थांबणे पुरेसे नाही. मोर्शी, वरुड, चांदूर बाजार, अचलपूर अशा प्रत्येक बाजारगावी हंगामापूर्वी विमा सहाय्य केंद्र उभे राहिले पाहिजे. त्यासाठी वकिलांची फौज लागत नाही. हिशेब जाणणारे दोन निवृत्त शिक्षक, बँकेतील एखादा संघटनेचा साथी आणि हमाल पंचायतीचा एक प्रतिनिधी एवढे पुरते.

या केंद्राचे काम सोपे आहे, पण ते नेटाने व्हावे लागेल. बँकेकडून पॉलिसीची संपूर्ण प्रत, तिच्या परिशिष्टांसह, लेखी मागावी. वादळानंतर छायाचित्रे, तलाठ्याचा किंवा नगरपरिषदेचा पंचनामा आणि मंडळाच्या हवामान केंद्राची नोंद गोळा करावी. आणखी नुकसान होऊ नये म्हणून तात्पुरती दुरुस्ती अवश्य करावी, तिची बिले ठेवावीत, पण मोडके पत्रे सर्वेक्षकाने पाहिल्याखेरीज भंगारात घालू नयेत. कंपनीला एकदाच, तारखेनिशी, सर्व कागद द्यावेत आणि पोच घ्यावी. सर्वेक्षणाच्या अहवालाची प्रत लेखी मागावी आणि तीत घसारा व सरासरी एकाच मापाने लावली आहे का, हे प्रथम तपासावे. रक्कम स्वीकारावीच लागली, तर हरकत राखून स्वीकारीत असल्याचे पत्र त्याच दिवशी पाठवावे. आधी सही करून महिन्याने रडत बसण्यात अर्थ नाही. कंपनीच्या तक्रार कक्षाने महिनाभरात समाधान केले नाही, तर लोकपाल किंवा ग्राहक आयोग. एका माणसाची तक्रार कंपनी फाईलमध्ये घालते. एकाच वादळाच्या चाळीस तक्रारी एकाच दिवशी, एकाच नमुन्यात गेल्या, तर तिला उत्तर द्यावे लागते. कामगार चळवळ ज्या तत्त्वावर उभी राहिली, तेच हे तत्त्व आहे.

मात्र ही मदत बिनशर्त नसावी. ज्या मालकासाठी केंद्र झटेल, त्याने मिळालेली रक्कम प्रथम छपरावर खर्च करावी, आणि वादळामुळे बंद पडलेल्या दिवसांची हमालांची व मजुरांची किमान मजुरी द्यावी, असा लेखी करार अगोदर झाला पाहिजे. कारण आजच्या दाव्यात टिनाचा हिशेब असतो, सिमेंटचा असतो, भिजलेल्या रुईचाही असतो. कामगाराच्या बुडालेल्या मजुरीचा नसतो. बंद काळातील नफा आणि वेतन यांचा वेगळा विमा मिळतो, पण तो मोठ्या गिरण्यांसाठी. लहान गावात तो कुणी उतरवीत नाही आणि कुणी सुचवीतही नाही.

याबरोबर राज्य आणि केंद्र सरकारपुढे पक्षाच्या मागण्या निःसंदिग्ध असल्या पाहिजेत. सर्वेक्षकाची नेमणूक नियामकाने पाळीपाळीने करावी आणि त्याचे शुल्क सर्व कंपन्यांच्या सामाईक निधीतून द्यावे. ज्या रकमेबद्दल वाद नाही ती रक्कम ठरल्या मुदतीत, कोणतीही अंतिम पावती न घेता, द्यावी. वाद उरलेल्या रकमेचा चालू राहो. बँकेने उतरवलेला विमा मालमत्तेच्या पूर्ण मूल्याचा असावा, आणि तो तोकडा ठेवला तर त्याची जबाबदारी बँकेवर असावी. पॉलिसी, अहवाल आणि पत्रव्यवहार मराठीत मिळावा. लोकपालाचे फिरते पीठ हंगामापूर्वी अमरावती व अकोल्यास बसावे, आणि सहकारी संस्थांना त्याचे दार उघडावे. लहान उद्योगांच्या प्रमाण पॉलिसीत बंद काळातील मजुरीचा अंतर्भाव सक्तीचा व्हावा.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही, असे कुणी म्हणेल. ते मान्य करावे. परंतु समाजवाद हा केवळ मालकीच्या कागदावरील नाव बदलण्याचा कार्यक्रम नव्हे, हे १९७३ नंतरच्या अनुभवाने शिकवले आहे. जोखीम सर्वांनी वाटून घ्यावयाची, ही विम्यामागची मूळ कल्पना मुळातच सहकाराची आहे. हप्ते सर्वांनी भरावेत आणि संकट ज्याच्यावर आले त्याला सावरावे, एवढाच तिचा अर्थ. भांडवलदारी व्यवहाराने ती कल्पना घेतली, आणि संकटात सापडलेल्याची निकड हेच आपल्या फायद्याचे साधन बनवले. ती परत मिळवण्याचे काम संसदेत व्हावयाचे तेव्हा होईल. मोर्शीच्या बाजारात ते या पंधरवड्यात, पहिल्या अहवालाची प्रत मागणाऱ्या पहिल्या अर्जापासून, सुरू करता येईल.